वडीगोद्रीचे तीन पॉइंट

वडीगोद्रीच्या फाट्यावर फ्लेक्स नाही असा दिवस सर्जेरावांना आठवत नव्हता. कुणाची निवड, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या मुलीचा मेडिकलला नंबर, सगळं तिथं लटकायचं. त्यामुळे अंबडहून शहागडला बहिणीकडे निघालेल्या सर्जेरावांनी एसटीच्या खिडकीतून तिकडे सवयीनंच पाहिलं, आणि मग पाहतच राहिले. चांगला लांबलचक फ्लेक्स होता. मधोमध आर्यन, वडीगोद्री संघाचा सेंटर फॉरवर्ड, गळ्यात हार घालून कोऱ्या करकरीत मोटारसायकलवर बसलेला. खाली लिहिलं होतं, 'आमचा वाघ आर्यन यास समस्त व्यापारी बांधव व महिला मंडळातर्फे सप्रेम भेट'. आणि कडेनं वर्गणी देणाऱ्या प्रत्येकाचा गोल फोटो. हॉटेलवाला, खतवाला, पंक्चरवाला, कुणीच सुटलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्याला कौतुक वाटलं असतं. सर्जेराव मात्र मनातल्या मनात बेरीज करायला लागले.

कारण सर्जेराव हे गोदाकाठ फुटबॉल लीगच्या खर्च समितीचे अध्यक्ष होते. लीगचा नियम असा की, एका हंगामात कोणत्याही संघानं खेळाडूंवर पंधरा लाखांच्या वर खर्च करायचा नाही. मानधन, खोलीभाडं, जेवण, गाडी, खेळाडूला जे जे मिळेल ते सगळं त्यात धरायचं. वडीगोद्रीनं मर्यादेच्या अगदी काठापर्यंत खर्च केला होता, हे सर्जेरावांना तोंडपाठ होतं. ही गाडी त्यात घातली की संघ मर्यादेबाहेर, आणि मर्यादेबाहेर गेलेल्या संघाचे तीन पॉइंट कापायचे, हेही नियमातच होतं. हंगाम नुकताच संपला होता. वडीगोद्री पहिली, राजूर दुसरं, मधे दोन पॉइंटांचं अंतर. जो पहिला, तोच राज्याच्या लीगमध्ये जाणार होता.

लोक नियम मोडतात आणि लपवतात. वडीगोद्रीकरांनी तो मोडून हायवेवर टांगला होता, वर लाइटची माळही सोडली होती. आपण नियम मोडतोय असं त्या गोल फोटोंतल्या एकालाही वाटलं नव्हतं. हे त्यांच्या भोळेपणाला शोभणारं होतं, पण तीन पॉइंटांना भोळेपणा कळत नाही.

बरं, संघ कुणाचा? तर धर्मराजचा.

वडीगोद्रीच्या शाळेत धर्मराज कॅप्टन होता आणि सर्जेराव गोलकीपर. धर्मराज गावातल्या जमीनदार शेतकऱ्याचा मुलगा, सर्जेराव भीमनगरातल्या मजुराचा. शाळेमागचं पडीक रान हेच मैदान. बाभळीच्या दोन बल्ल्या रोवल्या की गोल झाला. चेंडू कातड्याचा, वादीनं आवळलेला. भिजला की असा जड व्हायचा की डोकं लावणाऱ्याच्या कपाळावर वादीचा वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत दिसायचा, आणि तो वळ पोरं मिरवत वर्गात बसायची. हवा भरायला सायकलच्या दुकानात जावं लागे. दुकानदार पैसे घेत नसे, त्याऐवजी मला एक पेनल्टी मारू द्या म्हणायचा. ती अडवायची नाही, अशी गोलकीपरला सक्त ताकीद असे. सर्जेरावांनी त्या काळात सगळ्यात जास्त गोल खाल्ले असतील तर ते त्या दुकानदाराचे.

बूट मात्र कुणाकडेच नव्हते. एकदा जालन्याहून एक संघ आला, अकराच्या अकरा बुटात. खेळाचे मास्तर रखमाजी सर मैदानाच्या मधोमध गेले आणि पाहुण्या कॅप्टनला म्हणाले, बाबा, तुमच्या बुटाखाली आमच्या पोरांची बोटं मोडतील, एक तर आम्हाला बूट द्या, नाही तर तुमचे काढा. तो पोरगा हसला आणि खाली बसून नाड्या सोडायला लागला. तिथून पंचक्रोशीत रीतच पडली. सामन्याआधी दोन्ही संघांनी आपापले बूट मैदानात मांडायचे. ज्याच्याकडे कमी जोड, तेवढेच दुसऱ्यानं घालायचे, उरलेले सरांच्या टेबलाखाली जायचे. गोरगरिबांच्या पोरांना त्या रीतीनं काय दिलं, हे मोजायला सर्जेरावांकडे माप नव्हतं. हरलो तर खेळात हरलो, बुटांत नाही, एवढं मात्र कळायचं.

रीत पडली तशी पळवाटही पडली. अंबडशी सामना असताना शहागडच्या पोरांनी एकदा आपले बूट गोणीत घालून एसटी स्टँडवर ठेवले आणि आमच्याकडे एकही जोड नाही म्हणून हात वर केले. मैदानात काटेरी सराट्यांचा बुजबुजाट. शहागडकरांचे तळवे अनवाणी फिरून निबर झालेले. बूट काढलेला अंबडचा संघ मात्र सामनाभर लंगडी घालत होता. शहागड जिंकलं आणि बघ्यांची हसून हसून पुरेवाट झाली. रखमाजी सर तेवढे हसले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी अख्ख्या शाळेकडून मैदान झाडून घेतलं आणि सामना पुन्हा खेळवला.

सामन्यानंतरचं जेवण धर्मराजच्या घरी असायचं. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याचा ठेचा. पहिल्या वेळी त्याच्या आईनं सर्जेरावांचं ताट एका टोकाला वेगळं मांडलं. धर्मराजनं काही भाषण केलं नाही. स्वतःचं ताट उचललं आणि सर्जेरावांच्या शेजारी येऊन बसला. मग राइट बॅक आला, मग लेफ्ट आउट आला, आणि बघता बघता सगळी पंगतच त्या टोकाला सरकली. पुढच्या सामन्यापासून ताटं एका रांगेत पडायला लागली. सर्जेराव पुढे मास्तर झाले, अंबडला घर बांधलं, मुलगी ज्योत्स्ना पुण्याला नोकरीला लागली, पण ती सरकलेली पंगत त्यांच्या मनातून कधी उठली नाही. धर्मराजवर त्यांचा जीव होता, आणि ते हे सांगायला कधी लाजत नसत.

म्हणूनच लीग सुरू झाली तेव्हा दोघांनाही वाटलं, आपले दिवस परत आले. खेळाडूंना करार, महिन्याचं मानधन, गावाच्या नावाचा शर्ट. धर्मराजनं तर शेतातला एक तुकडा मैदानासाठी सपाट करून दिला. पण पहिल्याच हंगामात जालन्याच्या एका शेठनं संघ घेतला आणि गोवा, केरळ, कोल्हापूर, जिथून मिळतील तिथून पोरं आणली. नऊ-शून्य, अकरा-शून्य असे निकाल लागायला लागले. पुढे काय होणार हे ठाऊक असल्यावर उन्हात कोण उभं राहतं? लोक येईनासे झाले, दोन गावांचे संघ मोडले, आणि शेवटी खुद्द शेठलाच कंटाळा आला. तेव्हा सर्जेरावांनी बैठकीत खर्चाच्या मर्यादेचा नियम मांडला. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होते. पहिला हात धर्मराजचा वर गेला. त्यानं फक्त विचारलं, जिंकल्यावर पोराच्या तोंडात पेढा घातला तर तो धरायचा का? पेढा सोडा, बाकी सगळं धरा, असं हसत हसत ठरलं.

आता त्याच नियमाखाली तोच सापडला होता.

शहागडहून परत येताना सर्जेराव मुद्दाम दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसले. घरी बायकोला, बेबीनंदाबाईंनाही काही बोलले नाहीत. कुणी तक्रारच केली नाही तर समिती बसायचं कारण नव्हतं, आणि तक्रार होऊ नये असं त्यांना मनापासून वाटत होतं. स्वतःच केलेल्या नियमाबाबत माणूस असा डोळ्यांवर कातडं ओढून बसतो, याची त्यांना लाजही वाटत होती.

तक्रार आलीच. राजूर संघाचा सेक्रेटरी हरिओम याचा फोन आला. बीडकडे जाताना फाट्यावर चहाला थांबला आणि कपातून मान वर केली तर समोर फ्लेक्स.

"सर, मी भांडण म्हून सांगत न्हाई," तो म्हणाला. "आमच्या गोलकीपरला बी गाव जीव लावतंय. पायी येतो बिचारा प्रॅक्टिसला. पण गाडी देयाची म्हणलं तं कुठून देवावी? चतुर्थीला गणपतीला गर्दी होती, पण तो पैसा देवळाचा. आमची दुकानं म्हंजे नारळ अन् फुटाणे. तुमच्या गावाला हायवे हाय."

'तुमच्या गावाला' हे सर्जेरावांना लागलं. त्यात खोटं काहीच नव्हतं, म्हणून जास्तच लागलं.

निकाल देणाऱ्यानं आधी असं भेटायला जाऊ नये, हे त्यांना कळत होतं. तरी ते वडीगोद्रीला गेले. धर्मराजला हे दुसऱ्या कुणाकडून कळावं, हे त्यांना सहन होणार नव्हतं. धर्मराजच्या बायकोनं, सगुणाबाईंनी, नेहमीसारखं जेवायलाच बसवलं. धर्मराज खुशीत होता. राज्याच्या लीगमध्ये गेल्यावर पुण्या-मुंबईचे संघ आपल्या मैदानावर येतील, त्यांना कुठं उतरवायचं, काय जेवू घालायचं, सगळं त्यानं ठरवून ठेवलं होतं. साठीतला माणूस शाळकरी पोरासारखा बोलत होता. सर्जेराव भाकरीचा तोच तुकडा मोडत राहिले. शेवटी त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

धर्मराजचा चेहरा उतरला, आणि मग चढला.

"ते लेकरू शहागडवरून ट्रकवाल्याला हात दाखवत येत होतं, सर्जा. एकदा उतरताना पडलं. ट्रकच्या चाकाखाली जाता जाता वाचलं. फाट्यावरच्या बायाह्यनी डोळ्यांनी पाह्यलं अन् वर्गणी सुरू केली. गावानं पोराला जीव लावला, तो बी खर्च्यात धरतो का तू?"

"राजूरचा बी जीव हाय की, धर्मा. फक्त त्यांच्याकडं फाटा न्हाई."

धर्मराजनं ताटातलं संपवलं, हात धुतले आणि गोठ्याकडे निघून गेला. सर्जेराव निघेपर्यंत तो परत आला नाही. सगुणाबाई दारापर्यंत आल्या. "भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "जल्मभराचं सपन हाय त्यांचं. तुम्ही अध्यक्ष हाव. काही तरी वाट निघंल न्हाई का?"

त्या एका वाक्यानं सर्जेरावांचा पाय घसरला. घरी येऊन त्यांनी नियम पुन्हा काढून वाचला. स्वतःच लिहिलेला नियम ते आता त्यात कुठं भोक आहे का म्हणून वाचत होते, आणि भोक सापडलं. बाहेरच्यानं दिलेली भेट संघाच्या माहितीनं दिली असेल तरच ती खर्चात धरायची, असं त्यात होतं. म्हणजे धर्मराजनं 'मला माहीत नव्हतं' एवढं म्हटलं की प्रकरण मिटलं. समितीत आणखी दोघं होते, अंबडच्या वकील वंदनाताई आणि बँकेतून निवृत्त झालेले बद्रीनाथ. दोघांनाही धर्मराजविषयी माया होती, आणि दोघंही म्हणाले, संघाला माहिती नसेल तर ती गावाची भेट, आपण काय करणार? सर्जेरावांना इतकं हलकं वाटलं की येताना त्यांनी अर्धा किलो जिलबी आणली.

बेबीनंदाबाईंनी जिलबीचं कारण विचारलं, सगळं ऐकून घेतलं, एक वेढा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अन् मंग त्या राजूरवाल्याला काय सांगणार तुम्ही?" सर्जेरावांनी तेवढ्यापुरता पेपर पुढे ओढला. उरलेली जिलबी दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे गेली.

समिती अंबडला लीगच्या ऑफिसात बसली. ऑफिस कसलं, खताच्या दुकानावरची एक खोली. एका बाजूला हरिओम, एका बाजूला धर्मराज. धर्मराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि सर्जेरावांकडे बघत नव्हता. हरिओमनं आपलं म्हणणं सांगितलं. गाडीची किंमत, खर्चाची मर्यादा, सगळं सरळ होतं. राहिला होता एकच प्रश्न, आणि तो अध्यक्षांनी विचारायचा होता.

प्रश्न त्यांनी सकाळपासून मनात घोळवून गुळगुळीत केला होता. "धर्मराजजी, ही वर्गणी गावानं परस्पर केली. संघाला, म्हणजे तुम्हाला, त्याची काही माहिती नव्हती. बरोबर ना?"

आता फक्त मान हलवायची होती. वंदनाताईंनी लिहायला पेन उचललं. बद्रीनाथ छताच्या पंख्याकडे बघायला लागले. हरिओम समजला, त्यानं खाली पाहिलं. तो भांडला असता तर बरं झालं असतं, असं सर्जेरावांना वाटून गेलं.

धर्मराजनं त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहिलं.

"सरळ इचार, सर्जा," तो म्हणाला.

"सरळच विचारतोय."

"न्हाई. तू उत्तर माझ्या तोंडात घालून राह्यला. प्रश्न इचार."

सर्जेरावांची कानशिलं तापली. चाळीस वर्षं मुलांना प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस, पण हा एक प्रश्न त्यांच्या तोंडातून निघेना. पंखा कुरकुरत होता. शेवटी 'जी' गेला, 'तुम्ही' गेलं.

"तुला माहीत होतं का, धर्मा?"

"होतं. वर्गणीत पहिला हात माझाच होता. नियम बी बराबर ठाऊक होता. वाटलं, गावाचं हाय, कोण बोलतंय. फ्लेक्सला फोटो काढला तव्हा मी मुद्दाम बाजूला सरकलो." एवढं बोलून तो हरिओमकडे वळला. "तुझं खरं हाय, बाबा."

मग काही उरलंच नव्हतं. तीन पॉइंट कापले गेले. वंदनाताईंनी निकाल लिहिला, तिघांनी सह्या केल्या. सही करताना सर्जेरावांना मैदानाचा तो सपाट केलेला तुकडा दिसत होता, आणि तिथं कधीच न येणारे पुण्या-मुंबईचे संघ दिसत होते. आपण कुणाचं काय घेतलं हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. राजूर राज्याच्या लीगमध्ये गेलं. हरिओमला आनंद कसा दाखवावा ते कळेना, तो धर्मराजला वाकून नमस्कार करून खाली उतरला.

सर्जेराव धर्मराजच्या मागोमाग जिना उतरले. धर्मराज आपल्या जीपच्या दाराशी उभा होता, किल्ली हातात, पण चढत नव्हता. वहिनींना काय सांगणार, असं सर्जेरावांनी विचारलं. तिचं मी पाहतो, असं तो म्हणाला. मग रस्त्याकडे बघतच बोलला.

"त्या दिवशी जेवताना तू राजूरचं बोलला, ते मला लई झोंबलं. गोठ्यात जाऊन बसलो. इचार केला तं बराबर वाटलं. म्हणलं, सर्जानं सांगितलं, आता खरं सांगून मोकळं व्हावं. अन् इथं येऊन पाह्यतो तं तूच फिरला. पॉइंट गेले त्याचा राग न्हाई मला. मी खोटं बोलंन असं तुला वाटलं, त्याचा राग हाय."

"चुकलं माझं," सर्जेराव म्हणाले. आणखी पुष्कळ सांगायचं होतं, सगुणाबाईंचं, त्या स्वप्नाचं, त्या सरकलेल्या पंगतीचंही. पण धर्मराजला वाचवायला म्हणून आपण त्यालाच लहान केलं होतं, हे आता त्यांना लख्ख दिसत होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी पुसलेही नाहीत.

धर्मराज जीपमध्ये चढला. गाडी सुरू केली, आणि मग खिडकीतून मान बाहेर काढली.

"रव्वारी ये घरी," तो म्हणाला. मग थांबला. "न्हाई, या रव्वारी नको. पुढल्या रव्वारी ये."

सर्जेराव हो म्हणाले. जीप वडीगोद्रीच्या रस्त्याला लागेपर्यंत ते खताच्या पोत्यांशेजारी उभे राहिले. त्या घरी कधी यायचं आणि कधी नाही, हे इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच सांगितलं गेलं होतं.